झ्युरिकहून फ्लुम्सरबर्ग : सहकुटुंब स्की शिकायला जाताना

झ्युरिकहून आगगाडीने वालेनझे तळ्याकाठच्या उंटरटेर्त्सनला उतरायचं आणि स्टेशनाला लागूनच असलेल्या गोंडोल्यात, म्हणजे रोपवेच्या पाळण्यात, बसून वर फ्लुम्सरबर्गच्या स्की-परिसरातल्या टानेनबोडनला जायचं. गाडी नसलेल्या कुटुंबाला स्की शिकायला इतकी सोपी जागा क्वचितच मिळेल. मोठ्यांकडे हाल्बटाक्स हे सवलतकार्ड असेल तर तिकीट निम्म्यात पडतं. ६ ते १५ वर्षांच्या मुलाचं ३० फ्रँकचं वार्षिक युनिओरकार्ड काढलं की आईबाबांसोबत त्याला रेल्वेचं तिकीट लागत नाही. तळं समुद्रसपाटीपासून साधारण ४२० मीटरवर आणि टानेनबोडन १,४०० मीटरवर, त्यामुळे खाली पाऊस आणि वर बर्फ हा प्रकार नेहमीचा. घराच्या खिडकीतून बघून बेत मोडू नका, वरचा वेबकॅम बघा. फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्टीत अख्खं शहर डोंगरावर असतं. त्या दिवसांतले वर्ग आधीच आरक्षित करावे लागतात.

सामान विकत घेण्याची घाई नको. मुलांसाठी शरद ऋतूतच हंगामभराच्या भाड्याने घ्यावं, मोठ्यांनी पहिले दोन-तीन दिवस रोजच्या भाड्याने घेऊन बघावं. मुलांच्या स्कीची लांबी छाती ते हनुवटी यांच्यामध्ये असावी. बुटाचा आकार पावलाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये मोजतात. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे थंडीच्या धास्तीने दोन-दोन मोजे घालणं. मोज्याला चुण्या पडतात, रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गारठतात. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा स्कीचा मोजा पुरतो. आतली थर्मल विजार बुटात खोचायची नाही, बुटात मोज्याशिवाय काहीही जाता कामा नये. अंगालगत सुती बनियन नको, ते घामाने भिजतं आणि मग हुडहुडी भरते.

दुकानदार वजन, उंची, वय आणि तुम्हाला कितपत येतं हे विचारतो. त्यावरून आणि बुटाच्या तळाच्या मिलिमीटरमधल्या लांबीवरून तो बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, डिन आकडा लावतो. पडल्यावर स्की पायातून कधी सुटावी हे या आकड्यावर ठरतं. लाजेखातर वजन कमी सांगितलं तर स्की वाटेल तेव्हा निघते. ‘येतं मला’ अशी फुशारकी मारली तर निघायला हवी तेव्हा निघत नाही आणि गुडघा पिळवटतो.

बर्फावर स्की उताराला आडव्या ठेवा. आधी खालच्या बाजूची चढवा, मग वरची. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढल्याशिवाय टाच ‘खट्’ करून बसत नाही. बसत नाही म्हणून कितीही जोर लावला तरी उपयोग नाही, आधी तळ बघा. पहिल्या दिवशी काठ्या दुकानातच राहू द्या.

आता खरी अडचण. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला घसाऱ्यावरून उतरताना मागे रेलायची, वेळ आली तर बुड टेकायची सवय असते. स्कीवर हीच सवय नडते. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, ब्रेक लागत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस घाबरून आणखी मागे जातो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली जाणवत राहिली पाहिजे, हात पुढे, नजर दूर. मुलांना हे सांगावं लागत नाही. चाळिशीतल्या ट्रेकरला मात्र दिवसभर सांगावं लागतं.

थांबायला शिकवतात ते ‘पिझ्झा’ने: टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवलेल्या. स्की समांतर झाल्या की ‘पॉमेस’, म्हणजे बटाट्याच्या फिंगरचिप्स. घरच्या माणसाकडून गाडी शिकताना जे होतं तेच इथेही होतं, म्हणून शिकवणं प्रशिक्षकावर सोडा आणि मूल वर्गात असताना कुंपणापाशी उभे राहू नका.

शिकाऊंना उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याला इथे ‘त्साउबरटेपिश’, जादूचा गालिचा म्हणतात. त्यावर नुसतं सरळ उभं राहायचं असतं. पुढची पायरी दांड्याच्या लिफ्टची (वरच्या दोरीला टांगलेला दांडा मागून टेकतो आणि उभ्या-उभ्या चढावर नेतो), आणि तिथे बहुतेक जण पडतात ते दांड्यावर बसायला गेल्यामुळे. दांडा फक्त ढकलतो, बसायचं नसतं. मोठ्यासोबत मूल असेल तर दांडा मुलाच्या बुडाखाली आणि मोठ्याच्या गुडघ्यामागे धरावा. पडलात तर दांडा सोडून लगेच वाटेबाहेर व्हा, मागून पुढची जोडी येतच असते.

निळी वाट सोपी, लाल मधली, काळी अवघड. खाली असलेल्याचा मान पहिला, सांभाळून जाण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. अरुंद जागी किंवा वळणाआड उभं राहून फोटो काढू नयेत.

विमा घरूनच तपासून निघा. एकाच मालकाकडे आठवड्याला किमान ८ तास काम करणाऱ्याला सुट्टीतल्या अपघाताचं संरक्षण मालकामार्फत असतं. घरी असलेल्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या आरोग्यविम्यात मात्र ‘अपघात’ हा भाग असायलाच हवा. तो असला तरी मूळ विमा बचावकार्याचा निम्माच खर्च देतो, तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. हेलिकॉप्टरवाल्या रेगा या बचावसंस्थेचा क्रमांक १४१४, रुग्णवाहिकेचा १४४.

खिशात खजुराचा लाडू बरा, चिक्की थंडीत दातांची परीक्षा घेते. उपाहारगृहात एल्प्लरमाग्रोनेन, म्हणजे बटाटा, चीज घातलेली मॅकरोनी, मिळते. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण तीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. ढगाळ हवेतही सनस्क्रीन हवं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

तीननंतर मांड्या थरथरू लागतात आणि ऊन असेल तर बर्फही जड, ओला होतो. गुडघे दुखावतात ते अशाच वेळी. ‘शेवटची एक फेरी’ न करता गोंडोल्याने खाली या. हंगामभराचे बूट असतील तर घरी पोचल्यावर आतला मऊ भाग काढून खोलीच्या हवेत वाळवा. हीटरवर ठेवलात तर त्याचा आकार बिघडतो आणि मग पुढच्या शनिवारी टाच चावते.