सूनबाई तयार आहे

फाइल उघडली आणि दात्याच्या रकान्यावर नजर अडली. पेशंट पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार, साठी उलटलेले, आठवड्याला तीन डायलिसिस. किडनी देणार सून. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे, पण सासऱ्यासाठी सून असं आमच्याकडे क्वचितच येतं.

"तुम्ही का नाही?" मी मुलाला विचारलं.

"मला बीपी आहे ना मॅडम."

"बहीण?"

"ती सिन्नरला दिलीय. तिच्या सासरच्यांना कोणत्या तोंडानं विचारणार?"

आण्णा, म्हणजे पेशंट, खाली बघत होते. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "सूनबाई आपणहून तयार आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही." जबरदस्तीचं मी विचारलंच नव्हतं.

१९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातलग म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि भावंडं. २०११च्या दुरुस्तीत आजी-आजोबा, नातवंडं आली. सून नाही. त्यामुळे प्रकरण परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाणार: दाता आणि रुग्ण दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे, जुने एकत्र फोटो, मुलाखतीचं व्हिडिओ शूटिंग. लोकांना वाटतं, ही सगळी कटकट मजुराची किडनी विकत घेणाऱ्यांसाठी आहे. पण २०१४च्या नियमांत असंही आहे की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची संमती रुग्णाला सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळायची. हे ज्यानं लिहिलं त्यानं आपल्याकडची घरं आतून पाहिली असणार. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच जास्त, घेणारे बहुतेक पुरुष.

बाकीच्यांना चहाला पाठवून मी दार लावलं. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ऑपरेशन समजावलं, धोके सांगितले. "सगळे म्हणतात तसं," एवढंच उत्तर. काही विचारायचंय का म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिली.

"एक काढली तर परत बाळंतपण होतं का हो ताई? पहिली मुलगी आहे. दुसऱ्यासाठी घरात सारखं चाललंय."

म्हणजे किडनीही हिनेच द्यायची आणि मुलगाही. मी सरळ विचारलं, "तुम्हाला द्यायचीय का?" तिनं मान हलवली. नाही. मग घाईघाईनं, "पण मी असं म्हटलं हे सांगू नका."

सांगायची गरजच नसते. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी घरच्यांना एवढंच कळवलं की दाता म्हणून त्या चालणार नाहीत. दात्याची माहिती गोपनीय असते; नकाराचं कारण घरच्यांना सांगायचं बंधन नाही.

मुलगा चिडला. कॉरिडॉरमध्ये मोबाइल पुढे केला. कुणा एजंटचा मेसेज: परदेशात ऑपरेशन, डोनरसकट पॅकेज. मी म्हटलं, अवयवाची खरेदी म्हणजे पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड.

"ते इथं. तिकडं कोण बघतं?"

चूक म्हणावं तर तेही पूर्ण चूक नव्हतं. एकेकाळी परदेशी लोक किडनीसाठी आपल्याकडेच यायचे. आपण कायदा केला, पाकिस्ताननं २००७मध्ये वटहुकूम काढला, २००८मध्ये अवयवांच्या व्यापाराविरुद्धचा इस्तंबूलचा जाहीरनामा आला. एका देशानं दार लावलं की एजंट दुसरा देश धरतात. मग मी त्याला कायदा सांगायचं सोडून दिलं आणि तिकडून परत आलेल्या पेशंटच्या फायली कशा असतात ते सांगितलं: दात्याच्या तपासण्यांचा पत्ता नाही, कोणती औषधं दिली ते धड लिहिलेलं नाही, वर अंगात जंतुसंसर्ग. ते मात्र त्यानं ऐकून घेतलं. एजंटचा नंबर मागितला, तर दिला नाही.

संध्याकाळी आण्णांचं नाव पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीच्या प्रतीक्षायादीसाठी भरायला घेतलं. मेंदूमृत दात्याची किडनी कधी मिळेल ते कुणीच सांगू शकत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. सही करताना त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाईला काही आजारबिजार तर नाही निघाला?"

"नाही आण्णा. त्या ठणठणीत आहेत."

"मग तसं आमच्या घरच्यांना तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "नाहीतर उद्यापासून तिला डॉक्टरांकडे फिरवत बसतील."

मी सासूबाईंना परत आत बोलावलं.