गोराईची तांबडी
आज एका तट्टाचं बोलणं पक्कं झालं. विकत नाही, सहा महिन्यांसाठी सांभाळायला.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत, तिथं मुलं पहिल्यांदा घोड्यावर बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बोरिवलीत फ्लॅटमध्ये राहून घोडा कुठं ठेवणार? मग गोराईचे ओळखीचे काका आठवले. सकाळीच खाडीतून बोटीनं गेलो. त्यांची तांबडी घोडी वाडीत नुसती उभी असते, नातवंडं आता मोठी झाली. ‘विकायची नाही, पण पोरांचा हात लागू दे तिला,’ म्हणाले.

घोडी त्यांचीच, राहणार त्यांच्याच वाडीत. चारा, चंदी म्हणजे दाणा, नालबंद, डॉक्टर आमच्याकडे. गावी गाय अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं सांभाळायला देतात, त्याची आठवण झाली. तरी मी सगळं कागदावर लिहून घेतलं. आजारपणाचा खर्च आणि कुणी पडलं-लागलं तर जबाबदारी कुणाची, हे आधीच बोललेलं बरं. माणसं जवळची असली की जास्तच.

काकांनी तासभर बसवून शिकवलं. खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी तासायचे. चंदी एकदम बदलायची नाही, घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. हे ऐकताना लेक एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘आई, बसायचं नंतर. आधी ब्रशनं खरारा करू?’

तिनं अर्धा तास केला. तांबडी डोळे मिटून उभी होती.

रविवारी पहिल्या बोटीनं परत जायचंय.