शेजारच्या आजोबांचा फ्रिज ब्राऊन ब्रेड झाला

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी ब्रेड यायचा तो कुणाला ताप आला की. एरवी सकाळी पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, दुपारी पोळी, रात्री परत पोळी, त्यामुळे ब्रेड या शब्दाबद्दल कधी डोकं चालवायची वेळच आली नाही. ती आली इथे ईस्ट लंडनमध्ये.

झालं असं की शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरीच्या पुढचे, जन्मापासून याच भागात. एक दिवस जिन्यात भेटले आणि म्हणाले, माझा फ्रिज ब्राऊन ब्रेड आहे. म्हणजे मला फ्रिज आणि ब्राऊन ब्रेड एवढंच कळलं, मधलं सगळं त्यांच्या त्या बोलण्यात वाहून गेलं, मी समजले बिचाऱ्यांच्या फ्रिजमधला ब्रेड संपलाय, गुडघे दुखतात म्हणून दुकानात जाता येत नसेल, आणि शेजारधर्म म्हणून अर्धं पाकीट नेऊन दिलं त्यांना. आजोबा पाकिटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मग जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. ब्राऊन ब्रेड म्हणजे डेड! फ्रिज मेला होता हो.

याला इथे राइमिंग स्लँग म्हणतात. ईस्ट लंडनच्या कॉकनी लोकांची ही जुनी खोड, 1859 साली जॉन कॅम्डेन हॉटेनने स्लँगची डिक्शनरी छापली त्यात याची वेगळी यादी आहे, म्हणजे तेव्हाही लोकांना कोष्टक लागत होतंच. आपल्याकडे चहा-बिहा, पोहे-बिहे म्हणतो त्यात खरा शब्द पुढे आणि यमक मागून शेपटासारखं येतं. यांचं उलटं आहे. खरा शब्द बोलायचाच नाही, त्याला जुळणारी दोन-तीन शब्दांची जोडी घ्यायची, आणि बरेचदा त्यातलाही जो शब्द जुळतो नेमका तोच गाळून टाकायचा. आता सांगा, बाहेरच्या माणसाने काय करावं?

उदाहरण माझ्याच नोकरीतलं. पहिल्याच आठवड्यात सीनियर बाई मला म्हणाल्या, यूज युअर लोफ. मी डबा काढला. हसू नका, साडेबारा वाजले होते! तर हेडशी जुळतो ब्रेड, म्हणून हेडला म्हणायचं लोफ ऑफ ब्रेड, मग ब्रेड उडवला, उरला लोफ. बाबा लहानपणी गणिताच्या वहीवर टिचकी मारून डोकं लाव म्हणायचे, अगदी तेच, फक्त इथे डोक्याच्या जागी पाव. आणि नुसता ब्रेड म्हणजे पैसे, ब्रेड अँड हनी, कारण हनी जुळतो मनीशी. पैशाला डो पण म्हणतात, म्हणजे चक्क भिजवलेली कणीक, त्यात यमकबिमक काही नाही.

मग मी रीतसर डिक्शनरी उघडून बसले आणि तिथे वेगळीच गंमत. लॉर्ड हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ह्लाफवेअर्ड वरून आला, ह्लाफ म्हणजे हाच आपला लोफ, आणि अर्थ पाव राखणारा. लेडी म्हणजे पाव मळणारी. तो राखणार, ही मळणार, सगळीकडे मेली एकच रीत! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग मी चाळीस वर्षं लेडीच आहे की.

ब्रेडच्या छोट्या गोल पावाला इथे रोल, नॉटिंगहॅमला कॉब, मँचेस्टरला बार्म, आणि त्यावरून ही माणसं खरंच भांडतात, जसं आपल्याकडे पोह्यांत बटाटा घालायचा की नाही यावरून.

एक शब्द मात्र मला न शिकवता आला. आजोबा म्हणाले हॅव अ बुचर्स, म्हणजे बुचर्स हुक, म्हणजे लुक, हे त्यांनी समजावलं आणि वर म्हणाले की माझे वडील याच अर्थाने डेको म्हणायचे. डेको! अहो आजोबा, हा तर आमचा देखो आहे, राजवाड्यावर दिवसातून हजारदा ऐकलेला, देखो भिया देखो. गोऱ्या सोल्जरांनी हिंदुस्थानातून नेलेला शब्द आहे हा. आमच्या जवळच्या महूच्या छावणीतल्याच कुणीतरी नेला असणार असं मला उगीचच वाटतं, पुरावा काही नाही, पण इंदूरच्या माणसाला एवढं वाटून घ्यायचा हक्क आहे.

या रविवारी आजोबांना घरी बोलावलं, नवीन फ्रिज आला त्या आनंदात. दार उघडून सवयीने म्हटलं, कम, चहा-बिहा घ्या. चहा काय ते त्यांना माहीत होतं. मी ट्रे ठेवला, त्यांनी कप उचलला, ट्रेमध्ये इकडेतिकडे पाहिलं, बशीखालीही पाहिलं, आणि फार सभ्यपणे विचारलं की बिहा नंतर येतो का?