हत्तींना आठवतं म्हणे

रविवार, रात्री

अगाथा ख्रिस्तीचं 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' संपवलं एकदाचं. संपवलं म्हणजे ओढत नेलं. बर्डीच्या फुटपाथवरून आणलं तेव्हा केवढी खूश होते, तिच्या डिटेक्टिव्ह पोआरोचं हे एकच राहिलं होतं.

पोआरो वाचताना मी पेन्सिल घेऊन बसते. सवय बाबांची. कोण किती वाजता कुठे होतं, सगळं मागच्या कोऱ्या पानावर मांडायचं. या वेळी ते पान लिहून खोडून काळं झालं. कड्यावर नवरा-बायको मेलेले सापडले, ते कधी? एकदा म्हणे दहा-बारा वर्षांपूर्वी. मग पंधरा. मग वीस! मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवून खून रचणाऱ्या बाईला साधी वर्षं मोजता येऊ नयेत? वर पानंच्या पानं गप्पा, त्याच त्या. जुनं आठवणारी माणसं शोधत फिरायचं आणि धड कोणालाच आठवत नाही. फसवल्यासारखं वाटलं. दिवसभर चिडचिड.

पण पोआरोचं वय तरी कधी जुळलं होतं? 1920 च्या पहिल्याच कादंबरीत तो पोलिसातून रिटायर झालेला. म्हणजे 1972 ला, हे पुस्तक आलं तेव्हा, शंभरी कधीच उलटून गेली असणार. त्यावर कधी हूं की चूं केलं नाही. मग आजच एवढं काय झालं मला?

संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर सुरू झाले. "त्र्याऐंशीच्या वर्ल्ड कपला, आपल्या नागपूरच्या व्हीसीए ग्राउंडवर, चेतन शर्मानं..."

"सत्त्याऐंशी, बाबा. 31 ऑक्टोबर." पेन्सिल हातातच होती माझ्या.

"हो का," म्हणाले आणि गप्प बसले.

न्यूझीलंडच्या तिघांच्या दांड्या कशा उडाल्या, ते बाबा हातानं करून दाखवतात. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असताना गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतक. तिथे आवाज चढतो. आज ते काही आलंच नाही. मला सगळं तोंडपाठ आहे, शंभरदा ऐकून कंटाळलेही आहे. चार वर्षांनी काय बिघडत होतं माझं?

रात्री उगाच हिशोब करत बसले. हे पुस्तक आलं तेव्हा ख्रिस्तीबाई 82 वर्षांच्या. पोआरोवर लिहिलेली ही त्यांची शेवटचीच कादंबरी; 1975 ला आलेली 'कर्टन' महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवलेली. 2009 मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले. या पुस्तकात शब्दसंपदा पार आटलेली, मोघम शब्द वाढलेले. बाईंना विसरण्याचा आजार असावा, असा संशोधकांचा अंदाज. आणि बाई लिहीत होत्या कशावर, तर आठवणींवर. परवा बाबांनी गॅसचा नंबर लावला का म्हणून तीनदा... जाऊ दे.

मी खोडरबर घेऊन मागचं पान साफ केलं. पूर्ण निघत नाही मेलं.

मघाशी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले, तर पुस्तक बाबांच्या हातात. पन्नासेक पानं झालेली.

"मस्त चाललंय की! काही लक्षात ठेवायचं कामच नाही." दोन पानं मागे गेले, परत पुढे आले. "मेले कधी म्हणे हे दोघं?"

"मेले कधीतरी, बाबा. तुम्ही वाचा नं पुढे."