शेवटचे दोनशे ताव

"उचलायच्या आधी एकदा चालवून दाखवा," विकत घेणाऱ्याचा मेकॅनिक म्हणाला. मागणी रास्तच होती. पण छापायचं काय? आमची छपाईची प्रेस बंद होऊन तीन आठवडे झाले होते. शेवटी मामांनी गोंद लावून ठेवलेल्या जुन्या प्लेटा काढल्या, वेस्टेजचे दोनशे ताव फीडरला लावले आणि मशीन सुरू केलं.

मामा आमचे मशीनमन, पहिल्या दिवसापासूनचे. पन्नासेक ताव पडल्यावर त्यांनी एक ओढून भिंगाखाली धरला. "निळा सरकलाय." मेकॅनिक हसला, "राहू द्या हो, रद्दीतच जायचंय." मामांनी ऐकलं नाही. मशीन थांबवलं, रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जागा, जुळवलं, शाई-पाणी पुन्हा बघितलं आणि चारही रंग एकावर एक नेमके बसेपर्यंत कुणाकडे पाहिलंही नाही.

मी कागदाच्या खोलीत गेलो आणि दार लावून रडलो. बँकेची नोटीस आली तेव्हा नाही, हिशोब पूर्ण झाला तेव्हाही नाही. त्या निळ्या रंगापायी.

खरं तर दोन वर्षं आधीच थांबायला हवं होतं. आमच्या अकाउंटंटने स्पष्ट सांगितलं होतं. पण घातलेले पैसे बुडू नयेत म्हणून मी आणखी घालत गेलो. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, आणि ते टाळायला तो नको ते धोके पत्करतो. मी याला चिकाटी म्हणत होतो.

बंद करायचं ठरल्यावर लोक भेटले की एकच वाक्य : अपयश ही यशाची पहिली पायरी. मला त्या पायरीचा राग येतो. घरात माणूस गेलं तर पायऱ्या मोजायला कुणी सांगत नाही, नुसते येऊन बसतात. धंदा गेल्यावर बसायला कुणी आलं नाही. काहींना वाटलं असेल, पैसे मागेल. मीही फोन उचलत नव्हतो म्हणा.

ज्या समुपदेशकाकडे मी नाइलाजाने गेलो, त्यांनी डीन शेफर्ड या अभ्यासकाच्या 2003 मधल्या मांडणीविषयी सांगितलं. धंदा बुडणं हा त्यांच्या मते एक शोकच. त्यातून बाहेर पडायचं तर काही वेळ झालेल्या नुकसानीकडे नीट बघायचं, काही वेळ ते बाजूला ठेवून पुढची कामं उरकायची, आणि या दोन्हींत ये-जा करत राहायची. नुसतं उगाळत बसलं तर माणूस खचतो. नुसतं कामात बुडवून घेतलं तर दुःख जागच्या जागी राहतं. ऐकताना मला हे फार सोयीस्कर वाटलं होतं.

त्या दिवशी मात्र तसंच झालं, ठरवून नव्हे. तोंड धुऊन बाहेर आलो तर कागदवाल्याचा फोन. थकबाकीचे हप्ते ठरवले. मग बायंडिंगच्या दोन मुलींचा उरलेला पगार आणि अनुभवाचं पत्र. मधेच जॅक लागले, मशीन जमिनीवरून उचललं गेलं, आणि पुन्हा घशाशी आलं. पाच मिनिटं खिडकीशी उभा राहिलो. मग पावतीवर सही.

संध्याकाळी हॉलमध्ये मी आणि मामा दोघंच. मी विचारलं, "आता काय करणार?" त्यांनी सांगितलं, भाच्याच्या प्रेसमध्ये जातोय, तुम्ही? मी म्हणालो, सध्या दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी, इस्टिमेट काढायची. बोलता बोलता वॉचमन दारातून डोकावला.

"काय झालं? भांडताय का?"

मशीन नव्हतं, तरी आम्ही दोघं त्याच्या आवाजावर ओरडूनच बोलत होतो.