लॉकचे नाव नीट कळायला हवे

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, 2006 साली आलेली लॉकडेप ही यंत्रणा केवळ लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारे कुलूप) घेण्याच्या क्रमावरून डेडलॉकचा, म्हणजे दोन कामे एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमची अडकण्याचा, धोका आधीच ओळखते, याचे मला मनापासून कौतुक आहे. तिचा इशाऱ्याचा संदेश वाचताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. लॉकचे नाव लॉकडेप तो लॉक तयार करणाऱ्या कोडच्या ओळीतूनच जसेच्या तसे उचलते, त्यामुळे दोन निरनिराळ्या ड्रायव्हरांनी (उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रामांनी) ‘प्रिव्ह->लॉक’ असेच लिहिले असेल, तर संदेशात एक नाव साधे आणि दुसरे ‘#2’ लावलेले दिसते, आणि कोणते कोणाचे हे उलट्या क्रमाने छापलेल्या लॉकांच्या साखळीत शोधत बसावे लागते. पहिल्या इशाऱ्यानंतर लॉकडेप स्वतःच बंद होते, म्हणजे हाती तेवढाच एक संदेश उरतो. त्यात नावाशेजारी फाइल आणि ओळ क्रमांक छापलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तोवर मी माझ्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक लॉकला स्वतंत्र, ओळखू येईल असे नाव देतो.