लप्र क्रमांकाचं पान

सहा वर्षांपूर्वी मी स्वतः सही करून दिलेली एक नोंद गेल्या महिन्यात चुकीची निघाली. चूक एका अक्षराची. पण त्या अक्षराने पोथीचं वय चोपन्न वर्षं नऊ महिन्यांनी बदललं, आणि ज्या पोथीला मी ‘अपूर्ण’ म्हटलं होतं ती अपूर्ण आहे का हेच आता मला कळेनासं झालंय. झोपताना पण तेच डोक्यात असतं, म्हणून लिहून काढतेय.

मी साताऱ्याची, संस्कृत पुण्यात शिकले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाखाली बारीक टायपात पाठभेद असतात, त्यात मल्याळम लिपीतल्या पोथ्यांची खूण सारखी दिसायची. त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर, त्यांनी दक्षिणेकडच्या पोथ्यांमध्ये या मल्याळम पोथ्यांना वरचं स्थान दिलंय, आणि आपल्याला तर ती लिपी वाचताच येत नाही ही बोच मला एमएला असल्यापासून होती. ती लिपी शिकायला म्हणून केरळात आले, आता चौदा वर्षं झाली. मल्याळम नंतर आली, आधी ताडपत्रं आली.

बाहेरच्यांना वाटतं की संस्कृत येतं म्हणजे पोथी वाचता येणार. तसं अजिबात नसतं. केरळात पदाच्या शेवटचा त् ‘ल्’ म्हणतात आणि पोथीत तसाच लिहितात, ‘तस्मात्’ चं ‘तस्माल्’ होतं, उत्सवाला ‘उल्सवम्’ म्हणतात, पहिले सहा महिने मला प्रत्येक ओळीत लेखनिकाच्या चुका दिसायच्या आणि त्या चुका नव्हत्याच. कालिदासाला इथे ‘काळिदासन्’ म्हणतात, तो ळ ऐकून मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. पानांना आकडे नसतात, अक्षरं असतात: न म्हणजे १, न्न २, न्य ३, ष्क्र ४, झ्र ५, हा ६, ग्र ७, प्र ८, द्रे ९, म १०. थ म्हणजे वीस, ल म्हणजे तीस. म्हणजे ‘लप्र’ लिहिलेलं पान अडतिसावं. हे पाठ नसेल तर दोरी तुटून विस्कटलेली पोथी तुम्ही जन्मात लावू शकत नाही.

तर ही पोथी नारायणीयाची. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरींनी गुरुवायूरला बसून रचलेलं हे स्तोत्र, भागवताचं सार, शंभर दशकं, म्हणजे साधारण दहा-दहा श्लोकांचे गट, एकूण हजाराच्या वर श्लोक. त्यांना वाताचा विकार होता आणि रोज एक दशक रचत शंभराव्या दिवशी बरे झाले असं सांगतात. शेवटचे शब्द आहेत ‘आयुरारोग्यसौख्यम्’, आणि या शब्दांतच तारीख लपवलेली आहे. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो, नुसत्या स्वराला शून्य, जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन तेवढं धरायचं, आणि आकडा उलटा वाचायचा. आयुरारोग्यसौख्यम् चे होतात १७१२२१०, म्हणजे कलियुग सुरू झाल्यापासून तेवढे दिवस, म्हणजे १५८६ सालचा शेवट. मी हे पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि अजूनही येतो.

भारतप्पुऴे नदीच्या काठच्या एका जुन्या नंपूतिरी, म्हणजे केरळी ब्राह्मण, घरातल्या पोथ्यांची यादी करायचं काम सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. घरी जाऊन नाही. एका प्रकल्पात तिथले फोटो काढून झाले होते, मला हार्ड डिस्क मिळाली. त्यात नारायणीयाची ही पोथी, अडतीस पानं, पन्नासाव्या दशकापर्यंत, बकासुर मारला जातो तिथे मजकूर संपतो. शेवटच्या पानावर नेहमीचं ‘करकृतमपराधं क्षन्तुमर्हन्ति सन्तः’, हातून झालेला अपराध सज्जनांनी क्षमा करावा, मग कोल्लम वर्ष, म्हणजे केरळच्या कालगणनेतलं साल, असावं पण तिथे किड्याने भोक पाडलेलं, आणि त्यापुढे एकच शब्दसमूह: ‘तदिदमर्थसौख्यम्’.

मी मोजलं. त ६, दि ८, द ८, म ५, र्थ ७, सौ ७, ख्य १. उलटं केलं की १७७५८८६. एप्रिल १७६१. मराठी माणसाला १७६१ म्हटलं की काय होतं हे मी सांगायला नको, पानिपताला तीन महिने होत नाहीत तोवर इकडे नदीकाठी कोणीतरी शांतपणे नारायणीय लिहीत बसलं होतं हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी त्या चित्राच्या प्रेमात पडले. ‘अर्थसौख्य’, अर्थाचा आनंद, ठीकच वाटलं. फॉर्मवर ‘अपूर्ण, पुढची पानं गहाळ, इ.स. १७६१’ लिहिलं आणि सही केली. पुढे मी ते साल दोन व्याख्यानांत सांगितलं.

गेल्या महिन्यात त्या घरचा नातू म्हणाला की पोथ्या आता संस्थेला देऊन टाकायच्यात, एकदा येऊन बघून जा. गेले. घरात मुत्तश्शी आहेत, म्हणजे आजी, वय नव्वदीच्या आसपास. नारायणीय त्यांना पाठ आहे, रोज पहाटे म्हणतात, आणि जुनी लिपी त्या लहानपणी घरातच शिकल्या, ओलेवरून, म्हणजे ताडपत्रावरून. मी पोथीची दोरी सोडली, लाकडी पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि शेवटचं पान हातात घेतलं. सवयीने उलटलं.

मागची बाजू कोरी होती.

ताडपत्र दोन्ही बाजूंनी लिहितात. पान वाया घालवणं कोणाला परवडत नसे, पान झाडावरून काढा, उकळा, वाळवा, घासा, कापा, भोकं पाडा, इतका व्याप असतो. त्यामुळे मजकूर पुढे चालू असता तर या पानाच्या मागे एक्कावन्नावं दशक असायलाच हवं होतं. पुढची पानं हरवलेली नाहीत. लिहिणारा इथे थांबला.

आणि हे मला सहा वर्षांपूर्वी का दिसलं नाही? कारण फोटोच काढला नव्हता. त्या कामात मोजदाद फोटोंच्या संख्येवर होती आणि कोरी बाजू सोडून द्यायची अशी सूचना होती. मला मनापासून राग येतो याचा. कोरी बाजू म्हणजे माहिती नाही असं ज्याने ठरवलं त्याने पोथी कधी मांडीवर घेतलेली नसणार. आणि उजेड समोरून टाकलेला, सपाट. नारायम म्हणजे लोखंडी लेखणी, तिने अक्षर कोरतात, शाईने लिहीत नाहीत, कोरलेल्या खाचेत काजळी भरतात म्हणून ते दिसतं. काजळी उडाली की उरते फक्त खाच, आणि खाच बघायची तर उजेड आडवा हवा. पण रागावून माझी जबाबदारी कमी होत नाही, ‘मागची बाजू कुठाय’ असं एका ओळीचं पत्र मला पाठवता आलं असतं. मी नाही पाठवलं.

मी मुत्तश्शींना शेवटची ओळ वाचून दाखवली, तदिदमर्थसौख्यम्. त्यांनी मान हलवली. “अर्थम् अल्ल, मोळे.” अर्थ नाही, पोरी. पान मागितलं, डोळ्यांजवळ नेलं, खिडकीकडे तिरकं धरलं. मग आतून कण्मषीची डबी मागवली, म्हणजे घरी केलेलं काजळ, आणि मी काही बोलायच्या आत करंगळीवर घेऊन त्या अक्षरांवरून फिरवलं आणि मुंडूच्या टोकाने पुसून टाकलं.

आमच्या नियमांत हे बसत नाही. पोथीला काहीही लावायचं तर आधी तपासणी, मग परवानगी, मग गवती चहाचं तेल आणि काजळी ठरल्या प्रमाणात. माझा हात तिला थांबवायला अर्धा पुढे गेला होता. पण शेकडो वर्षं हे असंच करत आलेत, आणि तिच्या करंगळीइतका सराईत हात मी आजवर कुठल्या लॅबमध्ये पाहिलेला नाही. पुसल्यावर अक्षरं काळीभोर उठून आली.

मल्याळममध्ये रेफानंतरचं व्यंजन दुप्पट लिहितात, म्हणजे अर्थ होतो ‘अर्त्थ’ आणि अर्ध होतो ‘अर्द्ध’. त्थ आणि द्ध ही जोडाक्षरं जुन्या हस्ताक्षरात इतकी सारखी दिसतात की फरक उरतो तो आतल्या एका वळशाचा. तो वळसा तिथे नव्हता. मला फोटोत वळसा वाटला होता ती पानाची शीर होती.

तदिदमर्धसौख्यम्. ते हे अर्धं सुख.

ध चे ९. १७९५८८६. मी तिथेच फोनवर हिशोब केला, जानेवारी १८१६. आणि एकदम सगळं जुळलं, शंभरातली पन्नास दशकं, कोरी बाजू, मेल्पत्तूरांच्या शेवटच्या ‘सौख्यम्’ वरच संपवलेला शब्द. लिहिणाऱ्याने मोजून थांबवलं होतं आणि थांबलो हे सांगितलं पण होतं, ते पण असं की त्याच शब्दांत दिवस पण बसावा. असा शब्द जुळवायला काय लागतं हे मला माहितीय, मी एकदा वहीभर प्रयत्न केलेत. आणि मी त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहून मोकळी झाले होते.

मी विचारलं, का थांबला असेल? मला वाटत होतं आजारी असेल, नवस म्हणून लिहायला घेतलं असेल आणि पुरं झालं नसेल. मुत्तश्शी म्हणाल्या, मेलेला माणूस सौख्यम् लिहीत नाही. दुखणारा पण लिहीत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, दोघांनी वाटून घेतलं असेल. एवढंच. पुरावा काही नाही, घरात तशी आठवण पण कोणाला नाही, मी दोनदा विचारलं.

पण तेव्हापासून मी तेच शोधतेय. जुन्या हस्तलिखित याद्यांमध्ये ‘नारायणीय, अपूर्ण, आदि नास्ति’ अशा नोंदी असतात, सुरुवात नसलेल्या पोथ्या, त्यांच्याकडे कोणी बघत नाही, मी पण कधी बघितलं नव्हतं. रोज संध्याकाळी काम संपलं की तासभर त्या चाळते. पोथी कुठल्या दशकापासून सुरू होते हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. जिथे फोटो आहेत तिथे पहिलं पान उघडते. एक्कावन्नावं दशक अघासुराचं, त्याची सुरुवात दिसली की हस्ताक्षर ताडून बघायचं. अजून सापडलेलं नाही.

व्याख्यानं ठेवणाऱ्या दोघांना मी पत्र लिहिलं, साल चुकलं होतं म्हणून. एकाचं उत्तर आलं, पन्नासेक वर्षांचा फरक इतका काय मोठा, म्हणून. मला यावर काय बोलावं सुचलं नाही.

सुधारित नोंदीचा फॉर्म टेबलावर पडून आहे. साल बदललं, पाठ बदलला, मागची बाजू कोरी असल्याचं शेऱ्यात लिहिलं. एका रकान्यात पूर्ण किंवा अपूर्ण यापैकी एकावर खूण करायची असते, ती केल्याशिवाय फॉर्म घेत नाहीत. तो रकाना महिनाभर तसाच आहे.